उन्हाशी पानाचा व्यवहार

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन-चार वर्षे सुखाने वाढलेला मनीप्लांट एखाद्या एप्रिलमध्ये घरातले कोणीतरी हौसेने गच्चीवर नेऊन ठेवते. बिचाऱ्याला जरा ऊन मिळू दे, हा त्यामागचा चांगला हेतू. चार दिवसांत त्याच्या पानांवर पांढुरके डाग दिसू लागतात, ते तपकिरी होतात आणि आठवड्याभरात अर्धी पाने कागदासारखी होऊन जातात. मग दोन वेळा पाणी घातले जाते. त्याचा उपयोग होत नाही, कारण पान तहानलेले नसते. उजेडानेच ते भाजून निघालेले असते. रोपवाटिकेतला माळी रोप हातात देताना बजावतो, ‘‘पंधरा दिवस सावलीत ठेवा, मग थोडे थोडे उन्हात काढा.’’ का, ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

ज्याचे अन्नच प्रकाशापासून तयार होते, त्याला प्रकाशाने का मरावे? शाळेत आपण प्रकाशसंश्लेषण एका ओळीत शिकलो. पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सूर्यप्रकाश. त्यातून साखर आणि प्राणवायू. हमखास येणारा प्रश्न आणि हमखास मिळणारे गुण. त्या ओळीवरून असे वाटते की प्रकाश जितका जास्त, तितकी साखर जास्त. प्रत्यक्षात भात, गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांत एकेका पानाची क्षमता भर दुपारच्या उन्हाच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच संपते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे कर्बवायू कोंडून वापरण्याची खास सोय असल्याने कडक ऊनही त्यांना बऱ्यापैकी पचते. बाकीच्यांच्या डोक्यावर मात्र दुपारभर नको असलेला प्रकाश ओतत राहतो, आणि उठून सावलीत जाण्याची सोय झाडाला नाही. पानापुढचा रोजचा प्रश्न दुहेरी असतो. सकाळी प्रकाश पुरत नाही आणि दुपारी आवरत नाही.

हा प्रश्न पान कसे सोडवते, ते समजण्यासाठी १९३२ सालच्या एका प्रयोगाकडे जावे लागते. कॅलिफोर्नियात रॉबर्ट इमर्सन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला नावाच्या सूक्ष्म शेवाळावर प्रकाशाचे अतिशय छोटे पण लख्ख झोत सोडले आणि दर झोतामागे किती प्राणवायू निघतो, ते मोजले. हरितद्रव्याचा प्रत्येक रेणू आपापले काम करत असेल, तर रेणूंच्या संख्येच्या हिशेबात भरपूर प्राणवायू निघायला हवा होता. निघाला तो फारच थोडा: हरितद्रव्याच्या सुमारे अडीच हजार रेणूंमागे प्राणवायूचा एक रेणू. एवढे हजारो रेणू मग करतात काय?

आयुष्यातली बरीच वर्षे मी बँकेत काढली, त्यामुळे याचे उत्तर मला पिग्मी एजंटांच्या रूपात दिसते. गल्लीबोळांतून फिरून दुकानदारांकडून रोजचे पाच-दहा रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. एजंट स्वतः खाते उघडत नाही, कर्ज मंजूर करत नाही, खतावणीला हातही लावत नाही. तो फक्त पैसे जमवतो आणि खिडकीशी आणून देतो. पानातही तसेच आहे. हरितद्रव्याचे बहुसंख्य रेणू फक्त प्रकाशाचे कण टिपतात आणि ती ऊर्जा शेजाऱ्याच्या हाती देतात. हातोहात ती एका प्रक्रिया-केंद्रापर्यंत पोचते आणि खरा रासायनिक व्यवहार तिथे होतो. एका खिडकीमागे असे दोन-तीनशे एजंट असतात. शास्त्रज्ञ या गोळा करणाऱ्या पथकाला ‘अँटेना’ म्हणतात. घरोघरच्या छपरांवर टीव्हीच्या काड्या होत्या त्या काळापासून हा शब्द आपल्या ओळखीचा आहे.

इमर्सन पुढे इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे १९५६ मध्ये अलाहाबादहून गोविंदजी नावाचा तरुण त्यांच्याकडे संशोधनासाठी पोचला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विमान अपघातात इमर्सन गेले, पण गोविंदजींनी हा विषय सोडला नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाचा इतिहास जपून ठेवणारे एक प्रमुख नाव म्हणून त्यांच्याकडे जग पाहत आले आहे.

आता पानाच्या आत डोकावू. हिरव्या पेशीत हरितलवके असतात आणि प्रत्येक हरितलवकात पातळ पटलांच्या चपट्या पिशव्या. काही ठिकाणी त्या एकावर एक रचलेल्या असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेले त्यांचे छायाचित्र पाहिले की रोखपालाने मेजावर लावलेल्या नाण्यांच्या चवडी आठवतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात कीथ बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी आपल्या नेहमीच्या पालकाची पाने वाटून त्यातल्या दोन प्रकारच्या खिडक्या वेगळ्या काढून दाखवल्या. पाणी फोडून प्राणवायू सोडते ती एक, आणि तिच्याकडून आलेला माल पुढे नेते ती दुसरी. १९८० च्या सुमाराला असेही स्पष्ट झाले की पहिली खिडकी मुख्यतः चवडींच्या आत असते आणि दुसरी बाहेरच्या सुट्या पटलांवर. पहिल्या खिडकीच्या एजंटांचे जे मुख्य प्रथिन आहे, त्यात वनस्पतींमधले जवळजवळ निम्मे हरितद्रव्य सामावलेले असते. त्याची बारकाईने आखलेली रचना चिनी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली, तीही पालकापासूनच. प्रथिनाच्या एका एककात हरितद्रव्याचे १४ रेणू आणि गाजराच्या रंगाच्या कुळातले चार. या चारांपैकी एकाचे काम पुढे येणार आहे.

ही सगळी मांडणी पक्की बांधलेली इमारत असती, तर लेख इथेच संपला असता. गंमत अशी की पान ती सतत हलवत असते, आणि ऊन व उष्मा हेच तिचे गवंडी.

सर्वांत संथ बदल पानाच्या घडणीतच होतो. एकाच आंब्याच्या शेंड्यावरचे उन्हातले पान आणि आतल्या गर्द सावलीतले पान हातात घेऊन पाहावे. उन्हातले जाड, चिवट आणि आटोपशीर. सावलीतले पातळ, पसरट आणि बहुधा जास्त गडद हिरवे. उन्हातल्या पानात एजंट कमी आणि माल पुढे नेणारी यंत्रणा भक्कम असते. सावलीतल्या पानात उलटे. प्रकाशाचा एकेक कण मोलाचा असल्यामुळे एजंटांची पलटण मोठी आणि चवडी उंच. याचे टोकाचे उदाहरण आपल्या कासाळूचे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात, जिथे जमिनीपर्यंत उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा पोचतो, तिथे वाढणाऱ्या कासाळूच्या पानांचा १९७० च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा एकेका चवडीत शंभराच्या आसपास पटले आढळली. उन्हातल्या पिकांच्या पानांत ही संख्या कितीतरी कमी असते. कोकणातल्या परसात, माडाच्या आणि केळीच्या बुडाशी, न्हाणीघराच्या पाण्यावर अळवाचे कुळ इतके तजेलदार कसे वाढते, त्याचे निम्मे उत्तर या चवडींत आहे. निम्मे अर्थातच पाण्यात.

ही घडण बदलायला दिवस-आठवडे लागतात आणि पूर्ण वाढलेले पान फारसे जाड होऊ शकत नाही. ऊन मात्र ढग सरकला की क्षणात दसपट होते. त्यासाठी झटपट उपाय हवेत.

पहिला अगदी शारीरिक. मंद प्रकाशात हरितलवके पेशीच्या वरच्या-खालच्या भिंतींशी पसरून उभी राहतात, जणू अंगणात धान्य वाळत घातले आहे. ऊन कडक झाले की ती सरकून बाजूच्या भिंतींना चिकटतात आणि एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. रणरणत्या दुपारी फूटपाथवरची माणसे भिंतीच्या कडेने चालतात, तसेच. हे सरकणे ज्यांना जमत नाही अशी रोपे जपानी शास्त्रज्ञांनी तपासली. २००२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की कडक प्रकाशात या रोपांची पाने लवकर करपतात.

दुसरा उपाय एजंटांच्या बदल्यांचा. पहिल्या खिडकीवर गर्दी झाली आणि दुसरी मोकळी असली, तर एजंटांची काही तुकडी चवडीतून निघून दुसऱ्या खिडकीशी जाते आणि गरज पडली की परत येते. १९६९ मध्ये दोन ठिकाणी हे स्वतंत्रपणे टिपले गेले. त्यातले एक जपानचे नोरिओ मुराता. हा उपाय मुख्यतः दोन्ही खिडक्यांचा तोल सांभाळण्यासाठी. भर दुपारच्या लोंढ्यापुढे तो एकटा पुरत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत हुशारीचा वाटतो. काम तुंबले की पटलांच्या पिशवीत आम्लता वाढते. ही आम्लता हीच धोक्याची घंटा. ती वाजली की एजंटांजवळचे व्हायोलाझॅन्थिन नावाचे पिवळे द्रव्य काही मिनिटांत झिॲझॅन्थिनमध्ये बदलते, एका छोट्या प्रथिनाच्या मदतीने एजंटांची मांडणी किंचित मुरडते, आणि गोळा केलेली ऊर्जा खिडकीपर्यंत न जाता वाटेतच निरुपद्रवी उष्णता होऊन निघून जाते. खिडकीवर ताण पडू नये म्हणून जमा झालेली रोकड रस्त्यातच टाकून देण्यासारखा हा प्रकार. बँकेत असे कोणी केले असते तर निलंबन ठरलेले! झाडाच्या दृष्टीने मात्र ऊन फुकट आहे आणि खिडकी महाग. झिॲझॅन्थिनचे हे काम १९८७ मध्ये बार्बरा डेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणले. छोट्या प्रथिनाची भूमिका २००० साली क्रिश्ना नियोगी यांच्या गटाने सिद्ध केली. झिॲझॅन्थिन हे अवजड नाव मक्याच्या शास्त्रीय नावावरून आले आहे. मक्याच्या दाण्याचा आणि अंड्यातल्या बलकाचा पिवळेपणा बराचसा त्याचाच.

इतके करूनही खिडकी मोडतेच. पाणी फोडणाऱ्या केंद्रातले एक प्रथिन कडक उन्हात सतत खराब होत असते. पान ते काढून नवे बसवते. तीव्र प्रकाशात अर्ध्या-पाऊण तासात त्यातली निम्मी प्रथिने बदललेली असतात. दुरुस्ती चालू आहे तोवर आपल्याला बाहेरून काही दिसत नाही. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की मोकाट ऊर्जा प्राणवायूच्या माथी बसते, तो अतिशय दाहक रूप धारण करतो आणि भोवतालची प्रथिने, स्निग्ध पदार्थ, अखेर हरितद्रव्यही जाळतो. गच्चीवरच्या मनीप्लांटचे पांढुरके डाग ते हेच. सावलीत वाढल्यामुळे त्याच्याकडे एजंटांची पलटण मोठी, खिडक्या थोड्या, ऊर्जा सोडून देण्याची आणि दुरुस्तीची तयारी बेताची. माळ्याच्या पंधरा दिवसांत रोप एजंट कमी करते, पिवळ्या द्रव्यांचा साठा वाढवते आणि नवी पाने उन्हाच्या मापाची काढते.

प्रकाशापुढे एवढे चतुर असलेले हे यंत्र उष्णतेपुढे मात्र हळवे आहे, आणि त्याचे मूळ पटलांच्या घडणीत आहे. ही पटले स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात. थंडीत साजूक तूप थिजते, जवसाचे तेल थिजत नाही, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. जवसाच्या तेलात जे पातळ राहणारे आम्ल मुबलक असते, तेच हरितलवकाच्या पटलांतही मुबलक असते. एजंटांची ये-जा आणि मोडक्या भागांची अदलाबदल पटल प्रवाही असल्याशिवाय होणार कशी? पण तापमान वाढले की तोच प्रवाहीपणा अति होतो. साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान चवडी सुटू लागतात, एजंट पहिल्या खिडकीपासून अलग होतात, पिशव्या गळू लागतात. आणखी वर पाणी फोडणाऱ्या केंद्रातले मँगनीजचे अणूच निखळतात. त्याच्या बऱ्याच आधी कर्बवायू बांधणाऱ्या यंत्रणेचा एक मदतनीस गळाठतो, म्हणजे माल पुढे जाणे थांबते आणि त्याच उन्हाचा भार पानाला दुप्पट वाटतो. मघाशी उल्लेख केलेल्या मुरातांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. मध्यम उष्णता खिडकी मोडण्याचा वेग फारसा वाढवत नाही. ती नवे प्रथिन बनवण्याचे काम अडवते. म्हणजे ऊन मोडतोड करते आणि उष्मा दुरुस्ती बंद पाडतो. मे महिन्यात हे दोघे हातात हात घालून येतात.

याही बाबतीत पान हात बांधून बसत नाही. महामार्गांच्या दुभाजकांत, धुरात आणि तापलेल्या डांबराच्या मधोमध फुलणारी कण्हेर आपण रोज पाहतो. कॅलिफोर्नियात तिच्यावर नमुनेदार प्रयोग झाले. काही झाडे दिवसा २० अंशांत वाढवली, काही ४५ अंशांत. उष्ण खोलीतल्या कण्हेरीची पटले कमी प्रवाही निघाली आणि त्यांचा बिघडण्याचा बिंदू सुमारे दहा अंशांनी वर सरकलेला होता. थंड खोलीतले झाड उष्ण खोलीत नेले तर काही दिवसांत त्याच पानांतले स्निग्ध पदार्थ बदलू लागतात. तेलाचे थोडे तूप करून घेण्याचा हा उद्योग. २००० साली जपानी संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकातले जवसवाले आम्ल जनुक बंद करून कमी केले, तेव्हा ती रोपे जास्त तापमानात अधिक चांगली तगली. पण ही लवचिकता सर्व झाडांना सारखी लाभलेली नाही, आणि एका मर्यादेपलीकडे कोणालाच नाही.

हे सारे पोटाशी येऊन भिडते ते शेतात. ऊर्जा टाकून देण्याची सोय काही मिनिटांत सुरू होते, पण बंद व्हायला जास्त वेळ घेते. खरिपात ढग आणि ऊन यांचा पाठशिवणीचा खेळ चालू असतो. ढग आला, प्रकाश कमी झाला, तरी पान काही काळ ऊर्जा फेकतच राहते. घंटा थांबली तरी पळापळ थांबत नाही. एका हिशेबानुसार यामुळे पिकाच्या दिवसभराच्या कमाईतला १३ ते ३० टक्के भाग हातचा जाऊ शकतो. नियोगी आणि इलिनॉयचे स्टीफन लाँग यांच्या गटांनी ही सोय लवकर बंद होईल असे बदल तंबाखूत केले आणि २०१६ मध्ये शेतातल्या चाचणीत सुमारे १५ टक्के जास्त वाढ दाखवली. २०२२ मध्ये सोयाबीनचा निकाल आला. काही ओळींत उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढले होते. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याचे डोळे चमकावेत असा हा आकडा. मात्र दुसऱ्या हंगामात तशी ठळक वाढ दिसली नाही, आणि अशाच बदलांनी प्रयोगशाळेतल्या एका मोहरीवर्गीय रोपाची वाढ उलट खुंटली होती. पिढ्यान्‌पिढ्या निसर्गाने ठेवलेली ही सावधगिरी नुसती कंजुषी आहे की विमा, ते पिकागणिक आणि हवामानागणिक तपासावे लागणार. मला स्वतःला बियाणे कंपन्यांच्या जाहिरातीपेक्षा आपल्या कृषी विद्यापीठांच्या चार हंगामांच्या नोंदी जास्त विश्वासाच्या वाटतील.

जंगलाला तर बियाणे बदलून मिळत नाही. २०२३ मध्ये अवकाश स्थानकावरच्या उष्णतामापकाच्या नोंदी आणि जमिनीवरची मोजमापे एकत्र करून उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या झाडांच्या पानांतली यंत्रणा सरासरी ४६.७ अंशांना कोसळू लागते. वर्षातून एकदा तरी ही रेषा ओलांडणारी पाने आज दहा हजारांत एखादे, म्हणजे ०.०१ टक्का. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हे पानाचे तापमान आहे, हवेचे नाही. पाणी कमी पडून पर्णरंध्रे मिटली की उन्हातले पान हवेपेक्षा कितीतरी अंशांनी जास्त तापते.

आपल्या सह्याद्रीबद्दलही याची उत्तरे शोधली गेली आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या ४१ वृक्षजाती तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. पाने निरनिराळ्या तापमानांना तापवायची आणि हरितद्रव्यातून परत येणारा अंधूक लाल उजेड मोजायचा, ही त्यामागची पद्धत. त्या उजेडावरून खिडक्या शाबूत आहेत की नाहीत, ते कळते. यंत्रणा निकामी होण्याचे तापमान जातीगणिक ४५.५ ते ५०.५ अंशांच्या दरम्यान निघाले. एकाच डोंगरावर शेजारी शेजारी वाढणाऱ्या झाडांत पाच अंशांचा फरक. जाड, वजनदार, सावकाश घडवलेली पाने जास्त उष्मा सोसतात. झटपट वाढणाऱ्या झाडांची पातळ पाने आधी हात टेकतात. तापमान असेच वाढत गेले तर जंगलात कोणती झाडे मागे पडतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

त्यातही एक कोडे आहे. याच डोंगरांत कित्येक झाडे नवी पालवी काढतात ती ऐन फाल्गुन-चैत्रात, पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असताना. कुसुमाचे झाड त्या दिवसांत लालभडक होते, आंब्याची कोवळी पाने तांबूस लोंबत राहतात, पिंपळ गुलाबी चमकतो. या पानांत खिडक्यांची बांधणी अर्धवट असते, चवडी पुरत्या रचलेल्या नसतात आणि डोक्यावर वर्षातले सर्वांत कडक ऊन असते. तो तांबडा रंग त्यांच्यावर धरलेला पडदा आहे, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. किडींना चकवण्यासाठी तो आहे, असे दुसऱ्या काहींचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही. तोवर खिडक्या बांधून होतात, पान ताठ होते आणि लाली ओसरून त्यावर हिरवा रंग चढतो.